वीस इंचांचा पॅसेज

ऑडियन्स पार्टिसिपेशन या प्रकाराची तुम्हाला भीती वाटते का? म्हणजे जादूगार स्टेजवरून प्रेक्षकांत बोट फिरवायला लागला की आपण पटकन खाली वाकून चप्पल शोधतो, तशी? किंवा ऑफसाइटला एचआरची मुलगी माइक घेऊन हसत हसत आपल्याच टेबलाकडे यायला लागली की आपल्याला अचानक अर्जंट फोन येतो, तशी? वाटत असेल तर द्या टाळी. पण माझी केस थोडी वेगळी आहे, बॉस. माझ्याकडे ऑडियन्स पार्टिसिपेशन रोज चालतं. फुकटात, आणि कोणाला आमंत्रण न देता.

मी अडखळत बोलतो. तोतरा म्हणालात तरी चालेल, शाळेत सगळे तेच म्हणायचे. माझी गाडी 'प'वर अडते. आता बघा, राहतो पुण्यात, तेही पौड रोडला. कामाला प्रोजेक्ट, प्रोजेक्टला प्रेझेंटेशन, महिनाअखेर पगार, आणि वर नावसुद्धा 'प'वरूनच. देवाची विनोदबुद्धी सॉल्लिड आहे! बाकीचे शब्द टाळता येतात. पावभाजी खायची असताना मी आयुष्यात किती मसाला डोसे खाल्लेत त्याची गणतीच नाही. नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. मीटिंगमध्ये 'लेट्स गो अराउंड द टेबल' झालं की माझा नंबर येईपर्यंत बाकीच्यांनी काय सांगितलं, ते मला कधीच ऐकू आलेलं नाही.

तर मी 'प'वर अडकलो की समोरचा सरसावतो. 'पार्सल?' 'पनीर?' 'पैसे?' वेटर असो, रिक्षावाला असो, बँकेतल्या मॅडम असोत, सगळे अंताक्षरी खेळायला लागतात. हेतू चांगला असतो हो, नाही असं नाही. पण शब्द माझा आणि तोंड त्यांचं! बरं, निघतो तोही भलताच. 'पनीर' म्हणून समोर आलेलं ताट मी मुकाट्याने संपवलंय. हवा होता पुलाव.

या खेळातली चॅम्पियन म्हणजे माझी आई. तीस वर्षांची प्रॅक्टिस आहे तिची. मी श्वास घेतो न घेतो तोच ती वाक्य पूर्ण करते, आणि वैताग म्हणजे बरोबर पूर्ण करते.

दोन वर्षांपूर्वी एका क्लायंट कॉलनंतर (तपशील नको, त्या वीस सेकंदांत समोरच्यांना वाटलं माझं नेट गेलंय) मी स्पीच थेरपिस्ट गाठली. मॅडमनी होमवर्क दिलं. रोज रात्री खोलीचं दार लावायचं, मोबाइल समोर उभा करायचा, पाच मिनिटं बोलायचं आणि रेकॉर्ड करायचं. मग ते बघायचं. बघणं मस्ट. कारण अडखळताना आपला चेहरा कसा होतो, हे जगाने पाहिलेलं असतं, आपण कधीच पाहिलेलं नसतं.

पहिल्या रात्री गंमत झाली. रेकॉर्डिंगच्या आधी मी सहज एकदा म्हणून पाहिलं. नाव, आडनाव, कंपनी, एकदम मक्खन! मग लाल ठिपका चालू केला आणि नावावरच लटकलो. डोळे मिटलेले, जबडा वाकडा, मानेची शीर तट्ट. ठिपका बंद केला, परत मक्खन. चालू केला, परत लटकलो. खोलीत मी एकटा. दाराला कडी. रूममेट हॉलमध्ये मॅच बघतोय. मग मी अडखळत होतो ते नक्की कोणासमोर?

यावर रिसर्च झालाय. २०२१ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या एरिक जॅक्सन आणि मंडळींनी २४ प्रौढ अडखळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण एकटे आहोत, कोणीही ऐकत नाहीये असं ज्या वेळी त्यांना खरोखर वाटलं, त्या वेळी स्वतःशी बोलताना ही माणसं जवळजवळ अडखळलीच नाहीत. म्हणजे मेंदूचा, घराण्याचा वगैरे भाग यात असतोच, पण समोरच्या खुर्चीचाही असतो. आणि कॅमेरा लावला की ती खुर्ची भरते. दार बंद करून शूटिंग करणं आणि एकटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या रात्री कळलं.

पंधरा दिवसांनी रूममेटने दार वाजवलं. तो ॲनिमेशनमध्ये आहे, शिक्षण आर्ट कॉलेजचं. म्हणाला, "रोज रात्री भांडतोस कोणाशी?" मी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, हे तर नॉमनने करून ठेवलंय." मला वाटलं हा कोणी थेरपिस्ट असेल. निघाला आर्टिस्ट.

ब्रूस नॉमन, अमेरिकन, जन्म १९४१. आधी गणित आणि फिजिक्स शिकला, मग आर्टकडे वळला. १९६६ मध्ये मास्टर्स झाल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत त्याने एक जुनं किराणा दुकान स्टुडिओ म्हणून घेतलं. पैसे नाहीत, फारसं सामान नाही, आणि दिवसभर करायचं काय हेही ठरलेलं नाही. तो येरझारा घालायचा आणि कॉफी प्यायचा. मग त्याने असा हिशेब मांडला की मी आर्टिस्ट आहे, हा माझा स्टुडिओ आहे, तेव्हा मी इथे जे काही करतोय ते आर्टच असणार. (हा फंडा अप्रेझलमध्ये वापरून बघा.) मग त्याने येरझाराच शूट केल्या. १९६७-६८ च्या त्या फिल्म्समध्ये तो जमिनीवर टेपने आखलेल्या चौकोनाच्या कडेकडेने चालतो. येत नसलेलं व्हायोलिन वाजवत फिरतो. सुरुवातीला १६ एमएमची रिळं, दहा दहा मिनिटांची. पुढे गॅलरीवाल्या लिओ कॅस्टेलीने व्हिडिओची यंत्रणा वापरायला दिली, टेप तासाभराची झाली, आणि याचं चालणंही तासाभराचं झालं. समोर प्रेक्षक नाही, दिग्दर्शक नाही. कॅमेरा एका जागी ठेवलेला आणि हा एकटा.

मला सगळ्यात आवडली ती चेंडूंची फिल्म. दोन चेंडू जमिनीवर आणि छतावर आपटत राहायचं, लय बदलत बदलत. थोडा वेळ जमतं, मग चेंडू भलतीकडे उडतात, तो त्यांच्यामागे धावतो, आणि शेवटी वैतागून एक चेंडू भिंतीवर फेकून मारतो. आपल्याला खरंच राग आला होता, असं नंतर त्याने सांगितलं. आणि हे सगळं त्याने फिल्ममध्ये ठेवलं. आपण असतो तर पहिल्यांदा डिलीट काय केलं असतं?

मग रूममेटने 'लिप सिंक' लावली. १९६९ ची, जवळजवळ तासाभराची. पडद्यावर फक्त त्याचं तोंड आणि गळा, तेही उलटे, हनुवटी वर. कानाला हेडफोन. तो 'लिप सिंक' हे दोनच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि आवाज ओठांपासून हळूहळू सुटत जातो. ओठ हलतात तेव्हा आवाज नसतो, आवाज येतो तेव्हा ओठ पुढे गेलेले असतात. मध्येच जुळतात, परत सुटतात. रूममेट टेक्निकल काहीतरी समजावत होता. मी ऐकत नव्हतो. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी कोणीतरी माझं तोंड शूट करून ठेवलं होतं! जीभ, दात, गिळलेली थुंकी, सगळं जागेवर, आणि शब्द तेवढा गावाला गेलेला.

इथे एक अवांतर. सोसायटीच्या गणपतीत आरतीला मी कधीच अडखळत नाही. मंत्रपुष्पांजलीसुद्धा न चुकता, खणखणीत! एकत्र म्हटलं किंवा गायलं की बहुतेकांचं अडखळणं थांबतं, हे थेरपिस्टना चांगलं ठाऊक असतं. पन्नास माणसं टाळ्या वाजवत असताना तुमच्याकडे कोणी बघत नसतं आणि तुमचा शब्द ओढून न्यायला कोणी टपलेलंही नसतं. म्हणजे मला माणसांचं वावडं नाही. माणसं कशी उभी आहेत, याचा प्रश्न आहे.

आणि नॉमनने नेमकं त्यावरच काम केलं. १९६८ मध्ये त्याने एक टेप केली. प्लायवूडसारख्या दोन उंच भिंती समोरासमोर, मधे चिंचोळी बोळ, आणि हा मानेमागे हात बांधून, प्रत्येक पावलाला कंबर झुलवत पुढे येतो, मागे जातो. जुन्या ग्रीक पुतळ्यांची ती एका पायावर भार टाकलेली पोज असते ना, त्रिभंगाच्या चुलतघराण्यातली, ती पोज घेऊन चालायचं. तासभर! कंबर दर वेळी भिंतीला लागते की काय असं वाटतं. भिंती म्हणजे शूटिंगचं सामान होतं, एवढंच. पण १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममधल्या प्रदर्शनात त्याने त्या भिंतीच मांडल्या. नाव 'परफॉर्मन्स कॉरिडॉर'. वीस फूट लांब, आठ फूट उंच आणि रुंदी वीस इंच. नट गायब, कॅमेरा गायब. तुम्ही या, आत चाला. सूचना नाही, बाण नाही. वीस इंचांत तुम्हाला फार काही करताच येत नाही. हात पसरता येत नाहीत, नाचता येत नाही, मित्राला शेजारी घेऊन खिदळता येत नाही. एका वेळी एकच माणूस मावतो, तोही अंग चोरून.

का? तर नॉमनचा ऑडियन्स पार्टिसिपेशनवर विश्वास नव्हता. त्या काळातल्या एका मुलाखतीत त्याने ते स्पष्टच सांगितलंय, म्हणून तर या जागा शक्य तितक्या बंदिस्त केल्या म्हणे. लोकांनी येऊन आपापला परफॉर्मन्स सुरू करावा, हे त्याला नको होतं. हे ऐकलं आणि मी रूममेटला म्हटलं, हा आपला माणूस!

यावर आमचं दोन रात्री भांडण चाललं. रूममेटचं म्हणणं, असा बंदोबस्त करून दिलेलं स्वातंत्र्य कसलं? खरं धाडस योको ओनोचं. 'कट पीस'मध्ये ती स्टेजवर गुडघे दुमडून गप्प बसते, समोर कात्री ठेवलेली, आणि प्रेक्षकांनी एकेकाने यायचं, तिच्या कपड्याचा तुकडा कापायचा आणि घेऊन जायचा. १९६४ ला क्योटोत पहिल्यांदा केलं, मग टोकियोत, आणि मार्च १९६५ मध्ये न्यूयॉर्कला कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये. तिथलं शूटिंग मेझल्स बंधूंनी केलंय. ते बघितलंत तर कळेल. सुरुवातीला लोक संकोचाने येतात, छोटे छोटे तुकडे कापतात. मग एक तरुण येतो आणि निवांत, मजेत कापत सुटतो, अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांपर्यंत. ती छातीवर हात धरते. बाकी हॉल बसून असतो.

किंवा मारिना अब्रामोविच. १९७४, नेपल्स, 'ऱ्हिदम झीरो'. टेबलावर ७२ वस्तू ठेवलेल्या. गुलाब, मध, कात्री, पाती, पिस्तूल आणि एक गोळीसुद्धा. मी वस्तू आहे, माझ्यावर काहीही वापरा, जबाबदारी माझी, असं सांगून ती सहा तास उभी राहिली. लोकांनी तिचे कपडे फाडले, कातडीवर चिरा दिल्या, एकाने भरलेलं पिस्तूल तिच्यावर रोखलं. वेळ संपल्यावर ती माणसासारखी चालायला लागली, तेव्हा तेच लोक पळाले. नजरेला नजर द्यायला कोणी थांबलं नाही.

ग्रेट आहेत दोघी, प्रश्नच नाही. आणि बाईच्या शरीराशी जग कसं वागतं, ते त्यांनी जगालाच करून दाखवायला लावलं. पण मला त्या फिल्ममधला हॉल दिसत राहतो. काही न करता बसलेला. मी त्या हॉलसमोर शाळेत रोज उभा राहिलोय, फक्त कात्री नव्हती. उघडं मैदान दिलं की ज्याचा आवाज मोठा तो पुढे येतो, हा माझा ऑफिसातलाही अनुभव आहे. 'फ्लोअर इज ओपन' म्हटलं की कोण बोलतं, सांगा बघू? तेच तिघं! वीस इंचांत तेच तिघं आणि मी सारखेच.

नॉमन पुढे आणखी वाह्यातपणा करत गेला. १९७० च्या 'लाइव्ह-टेप्ड व्हिडिओ कॉरिडॉर'मध्ये बोळीच्या टोकाला एकावर एक दोन टीव्ही ठेवलेत. एकावर रिकाम्या बोळीची आधीच केलेली टेप. दुसऱ्यावर तुम्ही, लाइव्ह. पण कॅमेरा दाराशी, उंचावर, तुमच्या पाठीमागे. त्यामुळे टीव्हीकडे जावं तसं तुम्ही कॅमेऱ्यापासून लांब जाता, आणि पडद्यावर आणखी लहान होत जाता. स्वतःला नीट बघायला जवळ जावं, तर पाठमोरा मी पळतोय! म्युझियमपर्यंत जायची गरज नाही. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये सीसीटीव्हीचा टीव्ही आहे आणि लॉबीतला कॅमेरा बरोबर मागे आहे. मी काकांना विचारून चार वेळा चालून बघितलं. काका म्हणाले, "साहेब, काही हरवलंय का?" हरवलं नव्हतं. डोक्यावर मागच्या बाजूला टक्कल सापडलं.

इकडे मॅडमनी होमवर्क वाढवलं. खोलीतून बाहेर पडायचं, दहा अनोळखी माणसांना पत्ता विचारायचा, आणि विचारताना मुद्दाम अडखळायचं. हो, मुद्दाम! ही थेरपीतली जुनी आणि मान्य पद्धत आहे. ज्याची भीती, ते आपल्या मर्जीने करायचं. मी शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडवर गेलो आणि एका तरुणाला म्हटलं, "ल... ल... ल..." तो तयारच होता. "लकडी पूल? लॉ कॉलेज? लुल्लानगर?" एका बाईंनी मला कानाने कमी ऐकू येतं असं समजून हातवारे करून सांगितलं. एक दुकानदार मात्र गल्ल्यावर शांत बसून राहिले. माझं पूर्ण 'लक्ष्मी रोड कुठे आहे?' होईपर्यंत थांबले, आणि मग म्हणाले, "उभे आहात तोच." पुण्यात सगळ्यात आदराने मला कोणी वागवलं असेल तर त्यांनी.

त्या रात्री रूममेटला आयडिया सुचली. म्हणाला, "तुझ्या क्लिप्स लोकांना दाखवू." मी म्हटलं, वेड लागलंय का? खोलीत कडी लावून केलेलं ते. त्यात मी कुरूप दिसतो, घामाघूम असतो, एका क्लिपमध्ये रडलोय. तो म्हणाला, "एकेकाला. वीस इंचांत." मी झोपायला गेलो. झोप आली नाही. सकाळी उठून टेप घेऊन फ्लॅटचा पॅसेज मोजला. रुंदी छत्तीस इंच.

सोसायटीत दुरुस्तीचं काम चाललं होतं, तिथून उतरवलेली दोन जुनी दारं मिळाली. ती एका बाजूने उभी केली, मागे पुस्तकांची खोकी भरली. बरोबर वीस इंच उरले. लांबी अकरा फूटच भरली, पण नॉमन काही बघायला येणार नव्हता. टोकाला स्टुलावर लॅपटॉप. त्यावर नऊ मिनिटांचा लूप, वेगवेगळ्या रात्री मी नाव सांगतोय तो. एडिटिंगवरून थोडी वादावादी झाली. रूममेटला प्रत्येक क्लिप शब्द पुरा व्हायच्या आत कापायची होती, नुसतं 'प... प... प...'. स्ट्राँग होईल म्हणाला. मी म्हटलं, अजिबात नाही. जितका वेळ लागला तितका राहील, आणि शेवटी नाव येईल. सगळ्यात लांब क्लिप तेवीस सेकंदांची होती. तेवीस सेकंद ऐकायला कमी वाटतात. मोजून बघा.

नियम दोनच. मोबाइल बाहेर टोपलीत. आत एका वेळी एक. रविवारी सकाळी सात-आठ जणांना पोह्यांना बोलावलं. ऑफिसमधले तिघं, रूममेटची बहीण, शेजारचे काका-काकू. काकांचं पोट मधे आलं, ते आडवे होऊन खेकड्यासारखे गेले आणि तसेच बाहेर आले. आमचा टीम लीड आत पाच मिनिटं होता. बाहेर आला आणि काही न बोलता पोहे घेतले. नंतर हात धुताना म्हणाला, "मी दर वेळी मध्ये बोलतो ना रे?" मी हो म्हटलं. काकू आतून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, याला ऐकू जातं का मी बोललेलं?" नाही जात, काकू. तीच तर मजा आहे.

आणि आई. तिचं यायचं ठरलं नव्हतं. मावसबहिणीच्या साखरपुड्याला कराडहून आली होती, ती सकाळीच हजर! तिला काय सांगावं ते सुचेना. म्हटलं, आत माझा व्हिडिओ आहे, बघून ये. पदर खोचून ती आत गेली. बाहेरून सगळं ऐकू येत होतं. लॅपटॉपमधून माझं 'प...' सुरू झालं आणि आईने लगेच माझं नाव घेतलं. स्पष्ट, प्रेमाने, नेहमीसारखं. लॅपटॉपमधला मी थांबलो नाही. तो आपला अडकलेलाच. "अरे, म्हण," आई म्हणाली. परत नाव घेतलं. तो त्याच्या वेळेने सुटला. दुसरी क्लिप. आईने परत नाव घेतलं, या वेळी जरा हळू. तिसऱ्याला नुसतं 'हं' म्हणाली. चौथ्यापासून आतून तिचा आवाज आला नाही. माझाच येत होता. हॉलमध्ये पोहे गार होत होते आणि कोणी खात नव्हतं.

बाकीचे कोणी दोन मिनिटांत, कोणी पाचात बाहेर आले होते. ती पूर्ण नऊ मिनिटं थांबली. पहिली क्लिप पुन्हा सुरू झाल्यावर बाहेर आली. वळायला जागा नव्हती, म्हणून मागे मागे चालत. माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या खोलीत पंखा लावत जा रे. किती घाम आलाय तुला."

रूममेटने नंतर मला नॉमनचंच आणखी एक काम दाखवलं, १९७४ चं 'बॉडी प्रेशर'. गुलाबी कागदांचा गठ्ठा, त्यावर भिंतीला अंग कसं घट्ट दाबून उभं राहायचं याच्या सूचना, आणि कागद कोणीही घरी न्यायचा. म्हणजे म्युझियममध्ये सगळ्यांसमोर करा, नाहीतर घरी कडी लावून. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये अब्रामोविचने ते काम स्वतः करून दाखवलं. दोन्ही पार्ट्या एका भिंतीपाशी आल्या, म्हणून आमचं भांडण तिथे मिटवलं. दारं सोसायटीला परत केली. खोकी अजून पॅसेजमध्येच आहेत, कोणी उचलायची यावर वेगळं भांडण चालू आहे.

मी अजूनही अडखळतो. होमवर्कही चालू आहे, क्लिप्सचा आकडा तीनशेच्या वर गेलाय. क्लायंट कॉलवर मी आता सुरुवातीलाच सांगून टाकतो की मला वेळ लागेल. टीम लीड म्यूट करून बसतो. कधी कधी त्याचे ओठ हलताना दिसतात, पण आवाज येत नाही.

मागच्या महिन्यात एक तारखेला आईला फोन केला. नेहमीचं झालं, जेवलास का, भाजी काय, पाऊस आहे का. मग मी म्हटलं, "आई, प..." आणि अडकलो. तिकडून काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. पण मागे कुकर ऐकू येत होता. एक शिट्टी झाली. दुसरी झाली. आई गप्प. तिसऱ्या शिट्टीला मी म्हणालो, "पैसे पाठवलेत गं."

"बरं," आई म्हणाली, आणि गॅस बंद करायला गेली.